गुठळी चहाने विरघळत नाही

कर्करुग्णाने ग्रीन टी प्यावा, रक्त पातळ राहते आणि गुठळ्या होत नाहीत, हा सल्ला आज देशभर औषधाच्या थाटात फिरतो आहे. तो निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही.

कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे नाते फ्रेंच वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्येच मांडले होते. अनेक अर्बुदे रक्त गोठवणारी द्रव्ये स्रवतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि अंथरुणाला खिळणे यांनी धोका आणखी वाढतो. पायाच्या शिरेतील गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली, तर क्षणार्धात प्राणावर बेतते.

चहाच्या बाजूने पुरावा कोणता? प्रयोगशाळेत चहातील कॅटेचिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत, हे खरे. पण परीक्षानळीतील मात्रा म्हणजे कपातला चहा नव्हे. शिवाय शिरेतील गुठळीत फायब्रिनच्या जाळ्याचा वाटा मोठा असतो. उरतात ती रुग्णांची निरीक्षणे. तेथे कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते: ज्याला अन्न जाते, ज्याला हिंडता-फिरता येते, तो चहाही पितो, मळमळीने गलितगात्र झालेल्याचा कप आपोआप सुटतो. मग श्रेय चहाचे की प्रकृतीचे?

उलट बाजू कोणी सांगत नाही. ग्रीन टीतील ईजीसीजी हे द्रव्य मायलोमावरील बोर्टेझोमिब या औषधाला बांधून निष्प्रभ करते, असे २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांना पेशी व उंदरांवरील प्रयोगांत आढळले. गुठळीचा धोका मायलोमातही मोठा असतो. दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी देणाऱ्या गोळ्या यकृताला अपाय करू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. हेही प्रयोग उंदरांवरचेच, असा आक्षेप येईल. तो फोल आहे. सावधगिरीला संशय पुरतो. उपचाराच्या दाव्याला पुरावा लागतो.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. 'रक्त पातळ ठेवतो' हा दावा मात्र आरोग्यवार्तेच्या वेषात राजरोस मिरवतो, आणि त्याच्या भरवशावर कोणी हेपारिनचे इंजेक्शन टाळले, तर त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आवडतो म्हणून एखादा कप प्यावा, डॉक्टरांना सांगून प्यावा. पण एकाच पायाला सूज आली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर चहाचे आधण ठेवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.