बाजारात मुबलक, रानात दुर्मीळ

लग्नसराईत मुंबई-पुण्याच्या मंडपांत जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे जे लांब तुरे टांगलेले दिसतात, ते बहुतेक डेंड्रोबियम या ऑर्किडचे असतात. त्यांतील 'सोनिया' हा संकर तर इतका रुळला आहे, की फुलबाजारात ऑर्किड म्हटले की तोच पुढे केला जातो. यातील बराच माल विमानाने थायलंडहून येतो, काही केरळ, कर्नाटक आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील शेडनेटमधून. मात्र ज्या रानटी जातींच्या जोरावर हा व्यापार उभा राहिला, त्यांचा आधार असलेली झाडे आशियाच्या जंगलांतून झपाट्याने कमी होत आहेत. एकाच वनस्पतीच्या वाट्याला आलेल्या या दोन टोकांच्या परिस्थितीकडे धोरणकर्त्यांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही.

डेंड्रोबियम ही एकच वनस्पती नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ती एक प्रजाती असून तिच्यात सुमारे दीड हजार जाती मोडतात. हिमालयाच्या पायथ्यापासून जपान, इंडोनेशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत तिचा पसारा आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ यांनी १७९९ मध्ये तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'झाडावरचे जीवन' असा होतो. मराठीत अशा झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडना आमरी म्हणतात. पण हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यापेक्षा ग्रंथांतच अधिक आढळतो. कोकणातील बागायतदाराच्या लेखी आंब्याच्या फांदीवर परके काही उगवले, की ते बांडगूळ! खरे बांडगूळ फांदीत मुळे रोवून झाडाचा रस शोषते. त्याच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव डेंड्रोफ्थो असून त्याचा अर्थ होतो 'झाडाचा ऱ्हास'. दोन्ही नावांचा आरंभ एकाच ग्रीक शब्दाने होतो आणि अर्थ मात्र परस्परविरोधी, हा योगायोग मौजेचा खरा. पण बागेच्या साफसफाईत कोयता दोहोंवर सारखाच चालतो.

आमरी झाडाकडून आधाराखेरीज काहीही घेत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते; पावसाचे आणि दवाचे पाणी, तसेच सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातील क्षार त्यातून शोषले जातात. कोरड्या महिन्यांसाठीचे पाणी ती आपल्या फुगीर खोडांत साठवते. तिची खरी अडचण पुनरुत्पादनात आहे. एका शेंगेत लाखो बिया असल्या तरी त्या धुळीसारख्या सूक्ष्म असतात आणि त्यांत अन्नाचा साठा जवळपास नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. ही बुरशी, सालीचा खडबडीतपणा, सावली आणि हवेतील ओलावा यांचा मेळ जुन्या झाडांवरच जमतो. त्यातून रोप उगवले तरी ते फुलावर यायला काही वर्षे जावी लागतात. झाड तोडले की त्यावरची आमरी तर जातेच, शिवाय तिच्या पुढच्या पिढ्यांची जागाही जाते.

फुलबाजाराने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमात, बुरशीशिवाय ऑर्किडच्या बिया रुजवून दाखवल्या. पुढे ऊतिसंवर्धनाने एका रोपापासून हजारो रोपे तयार करणे शक्य झाले. रानातून रोपे उपटून आणण्याची व्यापाऱ्यांना त्यामुळे गरज उरली नाही. डेंड्रोबियमचे संकर पुढे मुत्सद्देगिरीच्या कामीही आले. सिंगापूरने मार्गारेट थॅचर आणि राजकन्या डायना यांची नावे अशा संकरांना दिली. २०१८ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे नावही एका डेंड्रोबियमला मिळाले. उत्तर कोरियात तर १९६५ मध्ये सुकार्नो यांनी किम इल सुंग यांच्या नावे केलेल्या डेंड्रोबियमचे दरवर्षी सोहळे होऊ लागले. इंडोनेशियातील बोगोरच्या उद्यानात भेटीदाखल दिलेले एक फूल पुढे राजनिष्ठेचे प्रतीक बनले, हा व्यक्तिपूजेच्या इतिहासातील एक चमत्कारिक अध्याय म्हणावा लागेल. असो.

औषधाच्या बाजारात मात्र लागवडीने प्रश्न सुटलेला नाही. चीनमध्ये डेंड्रोबियमच्या काही जातींची खोडे 'शिहू' या नावाने शतकानुशतके औषधात वापरली जातात. त्यांतील डेंड्रोबियम ऑफिसिनाले या सर्वांत नावाजलेल्या जातीची आज तेथे विस्तीर्ण शेती होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये चिनी आरोग्य प्रशासनाने तिच्या खोडाचा समावेश 'अन्नही आणि औषधही' असलेल्या पदार्थांच्या यादीत केला. तत्पूर्वी २०२१ मध्ये चीनने संपूर्ण डेंड्रोबियम प्रजातीला राष्ट्रीय संरक्षित वनस्पतींच्या सूचीत स्थान दिले होते. पण रानातील माल अधिक गुणकारी, ही ग्राहकाची समजूत यादीने बदलत नाही. स्वदेशातील जंगलांत माल मिळेनासा झाला, की व्यापाऱ्याची नजर शेजारच्या देशांकडे वळते. लाओस, व्हिएतनाम, म्यानमार, नेपाळ येथून हा ओघ चालत आला आहे. नेपाळमधील गोळा करण्याचे प्रमाण टनांच्या मापाने मोजावे लागते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. थायलंडच्या बाजारपेठांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर रानटी ऑर्किडच्या ३०० हून अधिक जाती विक्रीस आढळल्या. अधिकृत व्यापारनोंदींत त्यांचा क्वचितच मागमूस होता.

आयुर्वेदातही काहीसा असाच तिढा आहे. 'जीवंती' म्हणून पश्चिम भारतात लेप्टाडेनिया ही वेल वापरतात, तर बंगालकडे डेंड्रोबियम माक्रेई या ऑर्किडला तेच नाव आहे. एका नावामागे दोन निराळ्या वनस्पती असल्या, की कोणत्या वनस्पतीची किती तोड होते याचा हिशेब लागणे कठीण होते.

कायद्याचे स्वरूप पाहिले तर त्याची मर्यादा लक्षात येते. वन्यजीव व्यापारविषयक 'साइट्स' हा करार १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या परिशिष्टांत समस्त ऑर्किड कुळ समाविष्ट आहे. किंबहुना करारातील एकूण जातींपैकी ७० टक्क्यांहून अधिक ऑर्किडच आहेत. पण हा करार सीमेपुरता आहे. देशातल्या देशात होणारी तोड त्याच्या कक्षेत येत नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची सूची आली, ती अवघ्या सहा नावांची. निळा आणि तांबडा व्हँडा तसेच 'लेडीज स्लिपर' ऑर्किडांना तिच्यात जागा मिळाली, डेंड्रोबियमला नाही. सिक्कीमचे राज्यपुष्प असलेले डेंड्रोबियम नोबिलेही त्या सूचीबाहेर राहिले. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधील जातींसाठी स्वतंत्र प्रकरण आणि अनुसूची जोडली गेली, ही निःसंशय पुढची पायरी होय. पण तिचाही भर व्यापाराच्या नियमनावर आहे.

व्यापाराइतकेच, किंबहुना महाराष्ट्रापुरते त्याहून मोठे संकट वृक्षतोडीचे आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत देशातील ऑर्किडच्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. त्यांपैकी ७५७ झाडांवर वाढणाऱ्या आहेत. सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम, ओव्हाटम, मायक्रोबल्बॉन या त्यांतल्याच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. तेथे वनकायद्याऐवजी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. त्याच्या सूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे आहेत, म्हणजे नेमके आमरीचे आश्रयदाते. परंतु तोडीचा परवाना देताना विचार होतो तो लाकडाचा आणि खोडाच्या घेराचा. झाडावर काय वाढले आहे, याची नोंद घेण्याची सोयच त्यात नाही.

शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाडांना 'वारसा वृक्ष' ठरवून, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घालण्यात आली. कल्पना चांगली आहे. पण ऐंशी वर्षांच्या आंब्याच्या सालीवर जे नांदते, ते ऐंशी रोपट्यांच्या कोवळ्या सालीवर नांदू शकत नाही, हे या अंकगणितात बसत नाही. शिवाय ग्रामीण भागाला हा कायदा लागूच नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, त्यांच्या फांद्यांवरील आमरीची गणती झाली नाही. दोडामार्ग परिसरात रबराच्या लागवडीसाठी मिश्र जंगल साफ होऊ लागल्यावर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. एकाच वयाच्या रबराच्या रांगा उपग्रहाच्या छायाचित्रात हिरव्याच दिसतात. आमरीसाठी मात्र ते वाळवंट. केंद्र सरकारने पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ मध्ये काढला. जुलै २०२४ मध्ये काढलेला मसुदा सहावा होता. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित आहे. मसुदा पुन्हा पुन्हा काढला जात असताना तोड थांबून राहिलेली नाही.

यात तातडीने करता येण्याजोगे काम फार खर्चाचे नाही. पाडलेल्या झाडावरील आमरी वेळेत उतरवून काथ्याने शेजारच्या जुन्या झाडाला बांधली, तर ती जगू शकते. तोडीच्या परवान्यात एवढी एक अट घालण्यास कायदा बदलण्याचीही आवश्यकता भासू नये. अडचण ओळखण्याची आहे. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पाने पावसाळ्यानंतर गळतात आणि फुले जानेवारी ते मार्चदरम्यान निष्पर्ण खोडांवर येतात. एरवी ती फांदीला चिकटलेल्या वाळक्या काड्यांसारखी दिसते. तोडीचा हंगामही याच कोरड्या महिन्यांचा असतो, आणि पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती असलेल्या तक्त्यात काड्यांसाठी रकाना नसतो.