पिवळा दिसला की पाय टेका

सायकलवाल्यांनो, पिवळा दिवा लागला की जोर लावून चौक काढायचा मोह सोडा. मीही तुमच्यासारखाच रोज पॅडल मारतो. लागलेली गती मोडायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची म्हणजे दम जातो. त्यातून चढ असेल, कॅरिअरला ओझं असेल, तर विचारूच नका. मोटारवाल्याला हे कळणार नाही. तरीही थांबा.

कारण साधा हिशेब आहे. पिवळा दिवा सहसा ३ सेकंद असतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्यात ३३ मीटर जाते. ताशी १२ किलोमीटरने जाणारी सायकल जेमतेम १०. चौक ३० मीटर रुंद असेल तर तो ओलांडायला सायकलला ९ सेकंद हवीत. म्हणजे पिवळ्यावर आत शिरलात की दिवा लाल होतो तेव्हा तुम्ही चौकाच्या मध्याच्याही अलीकडे असता. पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात उभे राहून पाहा. आडव्या रस्त्यावरच्या दुचाक्या हिरव्याची वाट बघत नाहीत, सिग्नलवरचे आकडे शेवटाला आले की त्या सुटतातच. चूक त्यांचीच, पण हाडं तुमची मोडतात.

पुढचं चाक थांबरेषेच्या पार गेलं असेल, किंवा रेषा इतकी जवळ असेल की करकचून ब्रेक दाबावा लागेल, तर मात्र निघून जा. मध्येच थबकू नका. पावसात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नीट धरत नाहीत, म्हणून पावसाळ्यात चौक दिसताच वेग कमी करा. गिअरची सायकल असेल तर थांबण्याआधीच हलका गिअर टाका, निघताना गुडघ्यांवर ताण येणार नाही. आणि थांबताना बस किंवा डंपरच्या डाव्या अंगाला कधीही उभे राहू नका. ते डावीकडे वळले तर चालकाला तुम्ही दिसणारच नाही.

काही जण परदेशाचा दाखला देतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सायकलस्वाराला लाल दिव्यावरून जायची कायद्यानेच मुभा आहे, हे खरं. पण तिथेही आधी पूर्ण थांबावं लागतं, चौक मोकळा आहे ना ते पाहावं लागतं. पिवळ्यावर धूम ठोकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आईवडिलांनो, मुलांना शाळेच्या वाटेवरच्या चौकात एकदा सोबत न्या आणि कुठे, कसं थांबायचं ते तिथेच दाखवा. मोटारवाल्यांनो, हिरवा लागल्यावरही समोर एखादा सायकलवाला अडकलेला दिसला तर हॉर्न न वाजवता त्याला जाऊ द्या. आणि वाहतूक शाखेला विनंती: मोठ्या चौकांत दिवा बदलताना सगळ्या बाजू लाल ठेवायची वेळ थोडी वाढवा, आणि ती सायकलच्या वेगाने मोजा.