पुस्तक मिटा, मग सांगा



सहामाहीचे पेपर घरी आले की घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. “एवढा बसला होतास ना अभ्यासाला? मग हे असं कसं?” “आई, मला सगळं येत होतं गं. पेपर हातात आला आणि काही आठवेचना!” आपल्याला वाटतं, थापा मारतोय. वडील म्हणतात, त्याचा मोबाईल काढून घ्या. आजी म्हणते, दृष्ट काढा. आणि मूल? मूल गप्प बसतं.

त्या गप्प बसण्याविषयी आज लिहायचं आहे, कारण यंदा ते आमच्याच घरात घडलं.

आमचा धाकटा नववीत आहे. विज्ञानात चाळीसपैकी नऊ गुण मिळाले. आता, हा मुलगा अभ्यास करत नव्हता असं मला म्हणता येईना. रात्री साडेअकरापर्यंत मीच तर शेजारी बसत होते. न्यूटनच्या नियमांचा धडा त्याने चार वेळा वाचला होता. पुस्तक पिवळ्या रेघांनी भरून गेलं होतं. तरी नऊच! माझा तोंडाचा पट्टा सुटला. “वाचतोस की नुसता पानं उलटतोस?” इथपासून सुरुवात झाली आणि शेजारच्या मुलीच्या गुणांपर्यंत गेले. तो काही बोलला नाही. ताटावरून अर्धपोटी उठला.

दोन दिवसांनी त्याच्या वह्या आवरताना एका वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर शाळेतली शिक्षा लिहावी तसं ओळीने लिहिलेलं होतं, “मी मठ्ठ आहे. मी मठ्ठ आहे.” पानभर. गॅसवर दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे वही धरली. चष्मा सारखा करून त्यांनी वाचलं आणि जरा वेळाने म्हणाल्या, “रोज ऐकते गं मी त्याचा अभ्यास. तो वाचून दाखवतो. सांगून कुठे दाखवतो? आम्ही दिवेलागणीला परवचा म्हणायचो, तेव्हा पुस्तक असायचं का कुणाच्या हातात?”

त्या वेळी मला वाटलं, झालं सुरू यांचं जुन्या काळचं पुराण. पण स्मरणशक्तीवर मानसशास्त्रात अलीकडे काय काय संशोधन झालं आहे ते वाचायला घेतलं, आणि मेथीच्या जुडीपाशी बसून सांगितलेली गोष्टच तिथे मोजूनमापून मांडलेली दिसली.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्याने काय झालं? नुसतं वाचणाऱ्यांजवळ उरलं ४० टक्के, आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के!

याहून मोठी गंमत पुढे आहे. “आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?” असं आधीच विचारलं होतं. तेव्हा जास्त खात्री कुणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना. म्हणजे “आई, मला सगळं येत होतं” हे आमचा धाकटा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पुन्हा पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं झालं म्हणजे आलं असं मन धरून चालतं. पण पेपरात पान समोर नसतं. तिथे डोक्यातून काढून द्यावं लागतं, आणि नेमका तोच सराव झालेला नसतो.

आपल्या स्वयंपाकघरात बघा ना. अनारशाच्या कृतीची वही ओट्यावर उघडी असते तोवर दर दिवाळीला आपण वहीतच डोकावतो, आणि दहा दिवाळ्या झाल्या तरी प्रमाण पाठ होत नाही. उलट नवी सून एकदा एकटी पडते, वही माहेरी राहिलेली असते, आठवून आठवून ती करते, एखादा घाणा बिघडतो, मग आईला फोन करून चूक विचारते. ती कृती तिला जन्मभर विसरायची नाही. किंवा मोबाईल बाजूला ठेवून ‘ह्यां’चा नंबर सांगून बघा. दिवसातून चार वेळा लावतो, पण आठवावा लागतो कधी?

मग आम्ही घरात एक नेम धरला. संध्याकाळी मी पोळ्या लाटायला बसले की धाकट्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी यायचं. पुस्तक मिटून मांडीवर, आणि धडा मला सांगायचा. पहिल्या दिवशी जेमतेम चार वाक्यं आली. तो चिडला, “बघ, काहीच येत नाही मला!” माझ्याही जिभेवर काहीतरी आलं होतं, पण वहीचं ते पान डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, “चार तर आलं ना? आता पुस्तक उघड आणि काय राहिलं ते बघ.” तो पानं चाळू लागला. या वेळी वाचताना त्याचा नूर वेगळाच होता, हरवलेली वस्तू शोधावी तसा. हे पुन्हा उघडून बघणं फार महत्त्वाचं. नाहीतर चुकीचंच पक्कं व्हायचं.

आठवताना जी ओढाताण होते, तिची मुलांना भीती वाटते. आपल्यालाही वाटतं, याला येतच नाही, कशाला छळायचं? पण त्या ओढाताणीनेच आठवण घट्ट होते. रेघा मारताना कष्ट नाहीत, म्हणून ते गोड वाटतं. २०१३ साली जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. त्यांत सर्वांत उपयोगी दोनच ठरल्या. एक, स्वतःची परीक्षा घेणं. दुसरी, अभ्यास एकदम न करता दिवसांवर वाटून करणं. आणि रेघा मारणं, पुन्हा पुन्हा वाचणं या गोष्टी खालच्या पायरीवर गेल्या.

दिवसांवर वाटून का, तर आपण विसरतो फार लवकर. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८८५ साली हे स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून अधिक पुसलं गेलं होतं. एका दिवसाने तिसरा हिस्सा उरला, महिन्याने पाचवा. अर्थ समजलेला धडा एवढ्या वेगाने जात नाही, पण गळती सुरुवातीला जास्त आणि मग कमी, ही रीत तशीच. म्हणून पहिली उजळणी लगेच दुसऱ्या दिवशी करावी, आणि पुढे अंतर वाढवत न्यावं. रोजचा परवचा हे काम आपोआप करत असे. पुस्तकाशिवाय म्हणायचं, आणि दर संध्याकाळी म्हणायचं!

मात्र परवचा आणि घोकंपट्टी यांची गल्लत करू नका. पाढे जसेच्या तसे म्हणायचे असतात, न्यूटनचा नियम तसा म्हणून भागत नाही. धाकट्याने पहिला नियम पाठ म्हणून दाखवला तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, “म्हणजे रे काय?” तो अडखळला, मग म्हणाला, “आजी, एस.टी. एकदम थांबली की आपण पुढे कलंडतो ना, ते.” आता आलं! आपल्या शब्दांत सांगता आलं, आपल्या घरातलं उदाहरण देता आलं, म्हणजे समजलं.

आणखी एक गोष्ट मी सोडली. रात्री साडेअकराची बैठक. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी फक्त दोन विद्यार्थ्यांना घेऊन पाहिलं होतं, की पाठ करून झोपलं तर जागं राहण्यापेक्षा कमी विसरायला होतं. पुढे पुष्कळ संशोधकांनी झोपेचा आणि स्मरणाचा हा संबंध पडताळून पाहिला. परीक्षेच्या आदल्या रात्री चहा करून देऊन जागवणं ही आपली माया असते खरी, पण ती मुलाच्या मुळावर येते.

आता पेपर हातात आला की घाम फुटतो, त्याचं काय? २०१६ साली टफ्ट्स विद्यापीठात १२० जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, निम्म्यांनी आठवून पाहिली. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांपुढे ऐनवेळी भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. नुसतं पाहणाऱ्यांची स्मृती ताणाखाली ढासळली. आठवण्याचा सराव केलेल्यांची टिकून राहिली. एका प्रयोगाने सगळं ठरत नाही हे मलाही कळतं. पण रोज उंबऱ्यापाशी बसून, चुकत चुकत शंभरदा आठवलेलं मूल पेपराला कमी बिचकेल, हे आईच्या मनालाही पटतं.

फक्त एक सांभाळायचं. ही उलटतपासणी होऊ द्यायची नाही. आपण प्रश्न विचारायला बसलो की आपल्यातला फौजदार जागा होतो. “एवढंही येत नाही?” हे एक वाक्य, आणि उंबऱ्यापाशी आलेलं मूल दुसऱ्या दिवशी येणार नाही. चुकलेलं उत्तर म्हणजे गुन्हा नव्हे, उद्या कुठे लक्ष द्यायचं त्याची ती खूण.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते.

१. धडा एकदा नीट, समजून वाचू द्या. मग पुस्तक मिटून आठवेल ते सांगायला किंवा कोऱ्या कागदावर लिहायला सांगा.

२. लगेच पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं त्यालाच शोधू द्या. आपण सांगून टाकू नये.

३. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं पुरेत. कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, धड्याचं नाव टिपून ठेवा.

४. आपल्याला विषय येत नसला तरी बिघडत नाही. पुस्तक आपल्या हातात घ्या आणि “म्हणजे काय?” एवढंच विचारत राहा.

५. झोपेची वेळ परीक्षेतही मोडू नका.

आणि एक गोष्ट यादीत न घालता वेगळी सांगते. हे सगळं अभ्यासाच्या अडचणीसाठी आहे. मूल सलग काही दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, “मी नसलेलोच बरा” असं काही बोलत असेल, तर तिथे उजळणीचा उपयोग नाही. “परीक्षा झाली की होईल बरा” म्हणून थांबू नका. बोलण्याने मुलाच्या डोक्यात नसतं ते शिरत नाही. उलट जवळ बसून सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ या नंबरवर पैसे न पडता, दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं, आणि तेही मराठीतून. आईलाही स्वतःसाठी हा फोन करता येतो, बरं का! नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आमच्या घरचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पुढच्या चाचणीत त्याला वीसपैकी बारा गुण मिळाले. पेढे वाटण्याजोगे नव्हेत. ह्यांचा चेहरा अजून जरा आंबटच आहे. पण परवा मी पोळ्या लाटत असताना धाकटा म्हणाला, “आई, आज तू सांग. मी पुस्तक धरतो.” मी न्यूटनचा तिसरा नियम सांगायला गेले आणि मध्येच अडकले. त्याने पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाला, “अर्धं तर आलं ना? आता काय राहिलं ते बघ.”

सासूबाई आतून हसल्या. तव्यावरची पोळी जरा करपली, पण त्या संध्याकाळी कुणी अर्धपोटी उठलं नाही.