उइगर कबाबवाल्याची शेगडी अख्ख्या चीनने उचलली, मग कबाबवाला गेला कुठे?

चीनमधल्या शहरात रात्री फिरायला निघालात तर एक पाटी हमखास दिसते. लाल निऑनमध्ये लिहिलेलं एकच अक्षर. दोन चौकोन आणि त्यांच्या मधून आरपार गेलेली उभी रेघ. चिनी वाचता येत नसलं तरी अडत नाही, कारण ते अक्षर म्हणजे जवळजवळ चित्रच आहे. सळईत ओवलेले मटणाचे दोन तुकडे. उच्चार 'छुआन'. बीजिंगवाले जीभ वळवून म्हणतात 'छुआर'.

पाटीखाली काय मिळतं? कोळशावर भाजलेलं मेंढीचं मटण. एक तुकडा मांसाचा, एक चरबीचा, वरून मीठ, लाल तिखट आणि भरपूर जिरं. चीनमध्ये आज ऑफिस सुटल्यावर मित्रांसोबत बिअर आणि छुआर हा ठरलेला बेत असतो.

आता त्या जिऱ्याचंच बघा. चिनी जेवणात जिरं मुळात फारसं नव्हतं. त्याला चिनी भाषेत 'त्सिरान' म्हणतात, आणि हा शब्द आला उइगर लोकांच्या 'झिरे'वरून. फारसीत 'झीरा', आपल्याकडे 'जिरं'. उइगर लोक सळईवरच्या मटणाला 'कावाप' म्हणतात, तंदुरात भाजलेल्या भाकरीला 'नान'. म्हणजे बीजिंगच्या माणसापेक्षा आपल्याला हे शब्द जास्त ओळखीचे वाटतील.

चीनच्या शहरांत हा कावाप गेला तो उइगर माणसाच्या हातगाडीवरून. तो माणूस आज रस्त्यावर फारसा दिसत नाही. असं का झालं, हे समजायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जावं लागतं.

उइगर हे तुर्की कुळातली भाषा बोलणारे मुस्लिम लोक. त्यांचा प्रदेश शिनजियांग, चीनच्या वायव्य टोकाला. क्षेत्रफळ म्हणाल तर चीनच्या सहाव्या हिश्श्याएवढं. २०२० च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे १ कोटी १६ लाख उइगर राहतात. दक्षिणेकडच्या काशगर, होतान या भागांत वाळवंटाच्या कडेने वसलेली हिरवी गावं आहेत. तिथे पाणी मोजकं, जमीन तुकड्या-तुकड्यांची आणि खाणारी तोंडं जास्त. तेलाचे उद्योग आणि सरकारी शेती-बांधकाम महामंडळाच्या नोकऱ्या बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या हान चिनी लोकांकडे गेल्या. १९५३ च्या जनगणनेत शिनजियांगमध्ये हान लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते, २०२० मध्ये ते ४२ टक्के झाले.

माओच्या काळात गाव सोडून कुणाला कुठे जाताच येत नव्हतं. १९७८ नंतर देंग शियाओपिंगने अर्थव्यवस्था मोकळी केली, छोट्या धंद्यांना परवानगी मिळाली आणि उइगर माणूस रेल्वेत बसला. बीजिंगला पोहोचायला तीन-चार दिवस. भांडवल किती, तर पत्र्याची लांबट शेगडी, पोतंभर कोळसा, मटण आणि मसाल्याची पिशवी. गावाकडे झाऊच्या काड्यांवर मटण भाजायचे, शहरात सायकलच्या चाकाच्या तारा घासूनपुसून सळया केल्या जायच्या. पुठ्ठ्याने वारा घालत, मोडक्या चिनीत 'यांगरौछुआन, यांगरौछुआन' अशी हाक मारायची. दुकान नाही, भाडं नाही, मालक नाही.

मटण भाजून खाणं चीनला अगदीच नवं नव्हतं. पण धुराचा आणि जिऱ्याचा तो वास भर रस्त्यात, चार पैशांत मिळणं नवं होतं.

बीजिंगमध्ये गानज्याकोउ आणि वेइगोंगचुन या दोन वस्त्यांना लोक 'शिनजियांग गाव' म्हणायला लागले. उइगर खानावळी, नानच्या भट्ट्या, सुक्या मेव्याचे व्यापारी असा तिथे पसारा होता. काही जण परदेशी पाहुण्यांकडून चलन बदलून घेण्याचा काळा धंदाही करायचे, हेही खरंय. ऐंशीच्या दशकात बीजिंगला गेलेल्या गोऱ्या पर्यटकांच्या आठवणीत उइगर माणूस बऱ्याचदा 'चेंज मनी?' विचारणारा असतो.

कबाबवाला किती लवकर घराघरात पोहोचला याचा पुरावा म्हणजे १९८६. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सरकारी टीव्हीवर जो कार्यक्रम लागतो, तो तिथे अख्खा देश बघतो. त्या वर्षी चेन पेइसी आणि झू शिमाओ या विनोदी जोडीने 'यांगरौछुआन' नावाचं प्रहसन केलं. चेन पेइसी झाला होता परवाना नसलेला कबाबवाला, शिनजियांगी हेल काढून गिऱ्हाईक बोलावणारा. लोक पोट धरून हसले. पण गंमत अशी की तो हेल काढणारा नट हान होता. रस्त्यावरही पुढे तेच झालं. डोक्यावर चौकोनी उइगर टोपी घालून, उच्चार ओढून कबाब विकणारे कितीतरी विक्रेते उइगर नव्हतेच. खपत होती ती टोपी.

टोपीला भाव होता, तरी टोपीखालच्या माणसाबद्दलचं मत हळूहळू बिघडत गेलं.

१९८४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने पोलिसांना सूचना दिली होती की अल्पसंख्याकांच्या बाबतीत अटक आणि फाशी कमी करा, जरा सबुरीने घ्या. हान लोकांच्या मनात बसलं की यांना कायदा लागू होत नाही. त्यात शिनजियांगमधून पळवून आणलेल्या मुलांना शहरांत खिसे कापायला लावणाऱ्या टोळ्या होत्या. मुलं बळी होती, पण लोकांच्या डोक्यात समीकरण बनलं, 'शिनजियांगचा म्हणजे चोर'. २०११ मध्ये शिनजियांगचे पक्षप्रमुख झांग चुनशियान यांनी अशा सगळ्या मुलांना परत आणण्याची घोषणा केली. समीकरण मात्र पुसलं गेलं नाही.

आणि मग आलं केकचं प्रकरण. आपण सोशल मीडियावर असतो म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

कबाबवाल्यांसोबत उइगरांची अजून एक गाडी शहरात फिरायची. अक्रोड, बेदाणे, तीळ आणि पाक दाबून केलेली दगडासारखी घट्ट मिठाई, चिनीत 'छिएगाओ'. गिऱ्हाईक बोटाने दाखवतं 'एवढीशी द्या', विक्रेता सुरी चालवतो, तुकडा वजनाला भलताच भरतो आणि भांडण पेटतं. डिसेंबर २०१२ मध्ये हुनान प्रांतात युएयांग इथे असंच भांडण मारामारीवर गेलं. पोलिसांनी वेइबोवर, म्हणजे चीनच्या ट्विटरवर, माहिती टाकली की विक्रेत्यांच्या मिठाईचं नुकसान १ लाख ६० हजार युआन. त्या वेळच्या हिशोबाने जवळपास १४ लाख रुपये!

झालं. अख्खं चिनी इंटरनेट तुटून पडलं. छिएगाओ हे सोन्यापेक्षा महाग, छिएगाओ देऊन फ्लॅट घ्या, लग्नात हुंडा म्हणून एक तुकडा द्या. मीम बनवणारे बहुतेक जण फक्त हसत होते. पण त्या हसण्यामागे गृहीत धरलेलं होतं की हे लोक लुबाडणारे आणि सरकार यांचे लाड करणारं. उत्तर द्यायला उइगर आवाज किती होते? २००९ च्या दंगलीनंतर शिनजियांगचं इंटरनेट सुमारे दहा महिने बंद ठेवलं होतं. उइगरांच्या कितीतरी वेबसाइट तेव्हाच गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

ती दंगल म्हणजे ५ जुलै २००९ ची उरुमची. त्याआधी ग्वांगदोंगमधल्या एका कारखान्यात जमावाने दोन उइगर कामगारांना ठार केलं होतं. त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चाचं हिंसाचारात रूपांतर झालं, सरकारी आकडा १९७ मृत्यूंचा. बळींमध्ये हान मोठ्या संख्येने होते. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये बीजिंगच्या तियानआनमेन चौकात गर्दीत गाडी घुसवली गेली आणि मार्च २०१४ मध्ये कुनमिंग रेल्वे स्टेशनवर सुऱ्यांनी ३१ जणांचे जीव घेतले. चिनी सरकार जेव्हा दहशतवादाबद्दल बोलतं तेव्हा ते हवेतलं नसतं, हे मान्य करायला हवं.

प्रश्न आहे तो किंमत कोणी मोजली याचा. शहरातल्या हॉटेलांनी उइगर ओळखपत्र दिसलं की खोली नाकारायला सुरुवात केली. घरमालकांकडे पोलिसांच्या चकरा वाढल्या. २०१४ मध्ये शिनजियांगमध्ये 'सोयीचं कार्ड' नावाची भानगड आली. नाव सोयीचं, पण ते नसेल तर शिनजियांगमधल्याच एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात राहणंही अवघड.

शहरातल्या हातगाडीच्या मागे तर आधीपासून 'चेंगग्वान' होतेच. आपल्याकडचे अतिक्रमणवाले समजा, फक्त हात जास्त सैल. चीनमध्ये माणसाची नोंद गावाकडची असली तर शहरात त्याचा हक्क अर्धाच, मग परवाना कुठून मिळणार? गानज्याकोउची उइगर वस्ती १९९९ मध्ये पाडली गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये बीजिंगच्या शिचेंग भागात प्रदूषण कमी करायचं म्हणून ५०० हून अधिक शेगड्या जप्त करून कापून टाकल्या. कोळसा जाळणारे कारखाने आणि लाखो मोटारी असलेल्या शहरात हवेचा दोष कबाबावर आला, तेव्हा खुद्द चिनी लोकांनीही त्याची टर उडवली.

वेइगोंगचुनला लागूनच बीजिंगचं अल्पसंख्याकांसाठीचं विद्यापीठ आहे. तिथे इल्हाम तोहती नावाचे उइगर प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवायचे. उइगर तरुणांना स्वतःच्या प्रदेशात नोकऱ्या का मिळत नाहीत, हा त्यांचा विषय. हान आणि उइगर यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्यांनी वेबसाइटही काढली होती. फुटून निघण्याला त्यांचा विरोध होता. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना अटक झाली, सप्टेंबरमध्ये फुटीरतावादाच्या आरोपाखाली जन्मठेप. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने त्यांना साखारोव पुरस्कार दिला, तो घ्यायला त्यांची मुलगी गेली.

ऑगस्ट २०१६ मध्ये चेन छ्वानगुओ शिनजियांगचे पक्षप्रमुख झाले आणि सगळंच बदललं. पासपोर्ट जमा करून घेतले. पूर्वेकडच्या शहरांत वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्यांना गावाकडच्या पोलिसांचे फोन जायला लागले, 'परत या'. परत गेलेल्या अनेकांना छावण्यांत टाकलं गेलं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर आकडा आला तो दहा लाखांपर्यंतचा. चीन म्हणतो, ती व्यवसाय शिक्षणाची केंद्रं होती, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सगळे 'पदवीधर' झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अहवालात लिहिलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात.

त्या काळात शिनजियांगला गेलेल्या पत्रकारांनी एक दृश्य टिपलंय. मटणाच्या दुकानात सुरी साखळीने ठोकून ठेवलेली. सुरीच्या पात्यावर क्यूआर कोड, त्यात मालकाच्या ओळखपत्राचा तपशील. ज्याचा धंदाच मटण कापायचा, त्याची सुरी अशी.

दुसरीकडे उइगर माणसं शहरात जायची पूर्ण थांबली, असंही नाही. ऑस्ट्रेलियन स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०२० च्या अहवालानुसार २०१७ ते २०१९ या काळात ८० हजारांहून अधिक उइगर कामगारांना शिनजियांगबाहेरच्या कारखान्यांत पाठवलं गेलं. चीनच्या मते ही गरिबी हटवण्याची योजना आहे आणि लोक राजीखुशीने जातात. पण कबाबवाला स्वतः तिकीट काढून गेला होता. कुठल्या चौकात उभं राहायचं, गावाला कधी परतायचं, हे त्याचं तो ठरवायचा. इथे यादी सरकार बनवतं, मुक्काम कारखान्याच्या आवारात. मला तरी या दोन प्रवासांना एकाच शब्दात 'स्थलांतर' म्हणता येत नाही.

आणि कबाब? त्याचं उत्तम चाललंय. २०२० मध्ये कोरोनाने रोजगार गेले तेव्हा पंतप्रधान ली खछियांग यांनी रस्त्यावरच्या गाड्यांचं कौतुक केलं, बीजिंगच्या अधिकृत वृत्तपत्राने मात्र आमच्या शहरात हे शोभणार नाही म्हणून सांगितलं. २०२३ च्या वसंतात शानदोंग प्रांतातलं त्झिबो नावाचं औद्योगिक शहर अचानक सोशल मीडियावर गाजलं, सळईवरच्या मटणासाठी. पातळ पोळी, कांद्याची पात आणि मटण. तरुण पोरं रेल्वे भरभरून तिकडे धावली, स्थानिक प्रशासनाने पायघड्या घातल्या. शिनजियांगच्या रात्रबाजारांतही पर्यटकांची रीघ आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये २६ कोटींहून अधिक भेटी.

मोठ्या शहरांत उइगर हॉटेलं आजही आहेत, काही चांगली चालतात. पण २०१९ मध्ये बीजिंगमधल्या हलाल दुकानांना पाट्यांवरची अरबी अक्षरं आणि चंद्रकोर काढायला लावली.

भारताचा या सगळ्याशी संबंध आला तो ६ ऑक्टोबर २०२२ ला. शिनजियांगच्या अहवालावर नुसती चर्चा तरी व्हावी, असा ठराव मानवाधिकार परिषदेत आला. १७ देश बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. तटस्थांमध्ये भारत होता. ठराव पडला.

ज्यांना वेळेत देश सोडता आला, त्यांतले बरेच जण तुर्कीत पोहोचले. इस्तंबूलच्या झेतिनबुर्नु आणि सेफाकोय भागांत उइगर खानावळी आहेत, तिथे कावाप मिळतो, पाटीवर नाव आपल्या लिपीत लिहिता येतं. मात्र गावाकडे फोन करायची अनेकांची हिंमत होत नाही, कारण परदेशातून आलेला फोन हेसुद्धा घरच्यांवर संशय यायला पुरेसं कारण ठरलं होतं. चीन आणि तुर्कीमध्ये २०१७ मध्ये आरोपी परत देण्याचा करार झालाय. चीनने तो डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केला. तुर्कीच्या संसदेत तो पडून आहे, आणि इस्तंबूलमधले उइगर त्या मतदानाच्या तारखेकडे डोळे लावून असतात.