घरोघरचीं यंत्रें : इंजिन बदललें, पण थंडावा?

मोटारीचें इंजिन हा घरांतील पुरुषांच्या चर्चेचा विषय आणि मोटारींतील थंडावा ही बायकामुलांची चैन, अशी एक वांटणी आपल्या घरांतून नकळत होऊन बसते. ती किती चुकीची आहे हें आम्हांस गेल्या वैशाखांत कळलें. तो अनुभव या वेळीं वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या नांदेडच्या घरीं कैलासवासी वडिलांची ॲम्बॅसिडर गाडी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ही गाडी निघणें २०१४ सालींच थांबलें. पण वडिलांची आठवण म्हणून ती विकावी असें कोणासच वाटेना. तिचें मूळचें दीड लिटरचें इंजिन अगदीं थकलें, तेव्हां याच गाडीच्या पुढच्या आवृत्तींत येत असे तें इसुझूच्या रचनेचें १.८ लिटरचें इंजिन बसविण्याचें दादांनीं ठरविलें. मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत परवानगीवांचून फेरफार करतां येत नाहीं, आणि केलेला फेरफार चौदा दिवसांच्या आंत नोंदवावा लागतो. तेंहि दादांनीं चोख केलें. वहिनींनीं मात्र एकच प्रश्न विचारला होता, "आंतल्या थंडाव्याचें काय?" दादा म्हणाले, "तें मागाहून पाहूं."

तें मागाहून पाहणें राहूनच गेलें. मातोश्रींचें वय अठ्याहत्तर. हृदयविकारासाठीं लातूरच्या डॉक्टरांकडे त्यांची नियमानें खेप असते. मे महिन्याची दुपार, पारा बेचाळिसाच्या पुढें. गाडी नव्या इंजिनानें सुरेख धांवत होती आणि दादा प्रसन्न होते. लोहें मागें पडलें. अहमदपूर जवळ आलें तेव्हां मातोश्री असंबद्ध बोलूं लागल्या. वहिनींनीं हात लावून पाहिला, तों अंग तापलेलें आणि कोरडें ठणठणीत! गाडी झाडाखालीं घेऊन ओल्या पंचानें अंग पुसलें, वारा घातला आणि अहमदपुरांतच दवाखाना गांठला. ईश्वरकृपेनें वेळ निभावली. म्हातारपणीं तहान आणि घाम दोन्ही कमी होतात, आणि लघवी होण्याच्या औषधांनीं अंगांतील पाणी आणखी घटतें, हें डॉक्टरांनीं नंतर समजावून सांगितलें. उष्माघातांत असंबद्ध बोलणें हें धोक्याचें लक्षण होय, हें प्रत्येक गृहिणीनें ध्यानांत ठेवावें.

परत आल्यावर दादा स्वतः एका जाणत्या मिस्त्रीकडे बसून राहिले. त्यांतून जें उमगलें तें असें.

थंडाव्याचें मुख्य यंत्र म्हणजे काँप्रेसर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बदललें कीं त्याची बैठक बदलते. म्हणून भक्कम नवा ब्रॅकेट करून दोन्ही पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें सरळ पट्टी लावून पाहावें. रेष चुकली तर पट्टा कुरकुरतो, झिजतो आणि शेवटीं तुटतो. काँप्रेसरला कांहीं अश्वशक्ति लागते. गाडी उभी असतां त्या ओझ्यानें इंजिन बंद पडूं नये म्हणून थंडावा सुरू होतांच इंजिनाची मंद गति थोडी वाढविणारी योजना हवी. काँप्रेसरच्या क्लचची तार आणि दाबाचे स्विच पूर्ववत् जोडलेले हवेत. मोठें इंजिन अधिक तापतें आणि काँडेन्सर तर रेडिएटरच्याच पुढें बसतो. म्हणून विजेचा जादा पंखा लावणें उत्तम.

दुसरी गोष्ट गॅसची. आमच्या जुन्या यंत्रांत आर-१२ हा वायु होता. तो वातावरणांतील ओझोनचा थर नासवितो म्हणून १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला. भारत त्यांत १९९२ मध्यें सामील झाला आणि २०१० पर्यंत या वायूचें उत्पादन येथें संपुष्टांत आलें. त्याच्या जागीं आर-१३४ए आला; पण नुसता वायु बदलून भागत नाहीं. आर-१२ बरोबरचें खनिज तेल या नव्या वायूंत मिसळत नाहीं, आणि तेल न पोंचल्यास काँप्रेसर कोरडा पडून जळतो. म्हणून जुनें तेल काढून नव्या जातीचें तेल, नवा ड्रायर, नव्या रबरी कड्या आणि या वायूस योग्य अशा नळ्या घालाव्या लागतात. नळ्या उघड्या ठेवल्या तर हवेंतील दमटपणा आंत शिरतो. यासाठीं काम चालूं असतां त्यांचीं तोंडें बंद करावींत, आणि वायु भरण्यापूर्वीं पंपानें निदान अर्धा तास पोकळी करून ओलावा काढून टाकावा. नवा वायु वजन करूनच भरावा. जुन्याच्या वजनाच्या सुमारें ऐंशी ते नव्वद टक्के पुरतो. अधिक भरल्यानें थंडावा वाढत नाहीं, उलट दाब वाढतो. स्वस्त म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून देऊं लागला तर तेथून निघून यावें. बसायच्या जागेंत ज्वालाग्राही वायु खेळविणें म्हणजे घरांत आग पाळणें होय. जुना वायु हवेंत सोडूं देऊं नये, यंत्रानें काढून घ्यावयास सांगावें.

हें सारें इंजिन खालीं उतरलेलें असतांना केलें असतें तर एकाच मजुरींत झालें असतें. आम्हांस दुप्पट पडली. म्हणून कोणी इंजिन बदलणार असेल त्यानें मिस्त्रीस पहिल्याच दिवशीं थंडाव्याबद्दल विचारावें आणि त्याच्या खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा.

आषाढांत मातोश्री पुन्हां लातुरास जाऊन आल्या. चाकुराच्या पुढें त्यांनीं वहिनींजवळ शाल मागितली. दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त कळ अर्धी मागें फिरविली. हल्लीं गाडीचें कोणतेंहि काम काढण्यापूर्वीं ते आधीं स्वयंपाकघरांत येऊन विचारतात.