कान अजून विकले नाहीत

काम करताना गाणं ऐकणं म्हणजे काही ऐकणं नव्हे, असं एक मत पांढरपेशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतंय. गाणं ऐकायचं तर म्हणे मांडी घालून, डोळे मिटून, समेवर मान हलवून. शिलाई मशीनवर वाकलेल्या, रंधा मारणाऱ्या, वेल्डिंगची काच डोळ्यापुढे धरलेल्या माणसाच्या कानावरून गाणं नुसतं जातं, आत शिरत नाही. वा रे वा! ज्याला दिवसाचे बारा तास मान वर करायला सवड नाही त्यानं रसिक व्हायचंच नाही, हा निकाल लावला कोणी?

मी अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत रेडीमेड शिवतो. तीन मशीन, एक ओव्हरलॉक, एक मोबाईल आणि त्याला जोडलेला डबडा स्पीकर. माल व्यापाऱ्याचा, कटिंग त्याची, दर त्याचा. मशीन आमचं, लाईटबिल आमचं, पाठ आमची. अकोल्यात माझा मावसभाऊ घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ग्रिल आणि दरवाजे बनवतो. त्याच्याकडेही गाणं चालू असतं. ग्राइंडर सुरू झाला का गाणं मरतं, थांबला का पुन्हा जिवंत होतं. तो म्हणतो, "मले एकही गानं पुरं येत नाही बे. सारे गाने अर्धे-अर्धे पाठ हायेत. राह्यलेलं अर्धं मी सोताच जोडतो." मैफलीत बसलेल्या किती जणांनी असं ऐकलंय?

चळवळीतल्या काही दोस्तांचं म्हणणं वेगळं. दिवसभर भीमगीतं लावून ठेवणं म्हणजे गाण्याची उदबत्ती करणं, असं ते म्हणतात. वास येतो, धूर होतो, डोक्यात काही पेटत नाही. या बोलण्यात दम आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. पण त्यासाठी आधी हे विचारावं लागतं: कामाच्या जागी गाणं आणलं कोणी, आणि कशासाठी?

१९४० साली, युद्ध पेटलेलं असताना, बीबीसीनं कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. हेतू उघड होता. कामगाराचा कंटाळा कमी व्हावा, माल जास्त निघावा. गाणी निवडतानाही हाच हिशोब. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' नावाचं एक गाणं तर या कार्यक्रमातून बादच केलं. कारण काय? त्यात चार टाळ्या येतात, आणि टाळीच्या जागी कामगार हातातलं काम सोडतील, पाने-हातोडे बाकावर आपटतील! म्हणजे हात चालवणारं गाणं चालेल, हात सोडायला लावणारं चालणार नाही. दोस्तहो, मालकाला गाणं आपल्यापेक्षा बरं कळतं.

आता क्युबातली गोष्ट ऐका. हवाना शहरात १८६५ साली सिगार वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात एक वाचणारा बसवला. हे वळायचे, तो मोठ्यानं वाचायचा. वर्तमानपत्र, कादंबऱ्या, राजकारण. त्याचे पैसे कामगार आपसात वर्गणी काढून देत. काय वाचायचं तेही तेच ठरवत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारनं बंदी घातली, तरी वाचणारा काही मेला नाही. हे कामगार अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपाला पोट भरायला गेले तर त्यालाही सोबत घेऊन गेले. १९३१ साली टँपाच्या मालकांनी त्याला हाकललं, कारण म्हणे तो लाल विचार पसरवतो. नंतर त्याच्या जागी रेडिओ वाजू लागला. रेडिओ आला म्हणजे प्रगती आली, असं आपण समजतो. टँपात तो एका माणसाचं तोंड बंद करून आला.

आपल्याकडचं काय? आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. त्या गाणं ऐकत नव्हत्या, रचत होत्या. हाताखाली दळण, तोंडात ओवी. बाबासाहेब जात्यावर पोचले ते कोण्या कंपनीनं रेकॉर्ड काढली म्हणून नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत भीमाच्या ओव्या आहेत. पिठाची गिरणी आली, बाईचे खांदे वाचले, झालं ते बरंच झालं. जात्यासाठी उसासे टाकायचे तर ज्यांनी कधी दळलं नाही त्यांनी टाकावे. पण दळणासोबत ओवीही गेली आणि गाणारी माणसं ऐकणारी झाली, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

गावगाड्यात तर आपल्याकडे ऐकणंही नव्हतं. वाजवणं आपल्याकडे, ऐकणं त्यांच्याकडे. डफडं आपल्या माणसाच्या गळ्यात, वरात त्यांची. देवळाच्या दाराशी मिरवणूक पोचली का वाजवणारा बाहेर. याच अमरावतीत १९२७च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या दाराचा प्रश्न उभा राहिला. म्हणून स्वतःच्या घरात, स्वतःच्या कामावर, स्वतःच्या पसंतीचं गाणं लावून बसलेला माणूस मला किरकोळ वाटत नाही. तो वाजवायला बोलावलेला नाही. गाणं त्यानं बोलावलंय.

सरकारी रेडिओनं हे सुखानं दिलेलं नाही. जलशातली पेटी त्यानं १९४० साली बंद केली, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाचं गाणं त्यांना हलकं वाटायचं. लोकांनी काय केलं? मोर्चा नाही, निवेदन नाही. रेडिओचा काटा सिलोनवर फिरवला! १९५७ साली विविध भारती काढावी लागली. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज रेडिओला न विचारता वस्तीत आला, शिलाई मशीनशेजारी बसला. आता मोबाईल आहे. त्यात सगळं आहे, आणि पुढचं गाणं तो स्वतःच लावतो. मधे जाहिरात. काटा होता तेव्हा निदान हात आपला होता.

आता आमच्या खोलीतला हिशोब मांडतो. एका गाण्यात एक कॉलर. गाणी सरतात, नग वाढतात, रात्री पाठ बोलते. घरच्या कारखान्यात मुकादम नसतो. नगाचा दर हाच मुकादम, आणि तो आपल्याच हातात बसलेला. गाण्याच्या नादात दहा तासांचे बारा कधी होतात कळत नाही. ते दोन तास कोणाच्या खिशात गेले? व्यापाऱ्यानं ना स्पीकर दिला ना चहा. बीबीसीला जे ठरवून, पैसा लावून करावं लागलं ते त्याला फुकटात मिळालं. घरी बसून दुसऱ्याचा माल बनवणाऱ्यालाही इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली केला. क्रमांक १७७. भारतानं तो मान्य केलेला नाही. यावर कोणी गाणं केलंय का?

आणि घरातलंही बघा. काज-बटण बाईकडे, तुरपाई बाईकडे, मोबाईल पोराच्या खिशात. आमच्या गल्लीतली एक मावशी म्हणाली, "तुमच्या गान्यात माहा आवाज बुडते, बाप्पा. त्यानं औंदा दर कमी देल्ला, हे मी सांगू कोनाले?" खोलीत त्या वेळी भीमगीतच वाजत होतं. समतेचं गाणं एवढं मोठं लावायचं की बाजूच्या बाईचा दर ऐकू येऊ नये, हा कुठला आंबेडकरवाद?

दोस्तांच्या उदबत्तीला माझं उत्तर हे. गाणं लावा, खुशाल लावा. कव्वाली लावा, सिनेमाचं लावा, वामनदादा लावा. पण काय लावायचं ते खोलीतल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं ठरवायचं, काज-बटणवालीनंही. आणि दिवसातून एक तास स्पीकर बंद. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी शिवायचं. त्या तासाचे वाचणाऱ्याचे नग सगळ्यांनी वाटून शिवून द्यायचे. हवानाच्या कामगारांनी वर्गणी काढली, आपण नग काढू. सगळ्यात आधी वाचायची व्यापाऱ्याची चिठ्ठी: किती नग, काय दर, मागच्या दिवाळीला काय होता. मग बाबासाहेब. मग जे खोलीला पाहिजे ते. वेल्डिंगच्या शेडमध्ये हे जमणार नाही, ग्राइंडर काही ऐकू देत नाही. तिथं जेवणाच्या सुट्टीत वाचा.

चिठ्ठी वाचून झाली आणि कोणाचा हात मशीनवरून उचलला गेला, तर त्याला लगेच गाणं लावून पुन्हा कामाला जुंपू नका. टाळ्यांच्या गाण्याला बीबीसी भ्यायली ती याच हाताला. दरानं आपले हात बांधलेत, कान अजून कोणी विकत घेतलेले नाहीत. ते फुकटात देऊन टाकायचे नसतात.