सोसण्याची सीमा

पाळीच्या दिवसांत मुलगी वेदनेने कळवळू लागली की घरोघरी ठरलेली उत्तरे मिळतात : 'सगळ्यांनाच दुखते', 'लग्नानंतर थांबेल', 'एक मूल झाले की बरे वाटेल'. या बोलण्यामागे माया असते. परंतु त्याच्याच आड एंडोमेट्रिऑसिससारखा आजार वर्षानुवर्षे दडून राहतो.

या आजारात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी बीजकोश, बीजनलिका, आतडे, मूत्राशय अशा ठिकाणी वाढतात. तेथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. नित्याची कामे थांबविणारी पोटदुखी, शौचाच्या वा शरीरसंबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना, थकवा आणि कित्येकींच्या बाबतीत वंध्यत्व ही त्याची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. आणि निदानास सरासरी ४ ते १२ वर्षे लागतात.

हा विलंब केवळ घरातला नाही. लक्षणे पोटाच्या इतर विकारांसारखी भासतात. सोनोग्राफी निर्दोष आली तरी आजार नाही असे ठरत नाही. आजाराचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचाही मेळ बसत नाही. पूर्वी दुर्बिणीतून पोटाची तपासणी हीच निदानाची कसोटी मानली जाई. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी हा आग्रह सोडला असून, लक्षणांवरूनही उपचार सुरू करता येतात.

आजार समूळ नष्ट करणारे औषध अद्याप नाही. वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया यांनी तो आटोक्यात ठेवता येतो. शस्त्रक्रियेनंतरही तो उलटू शकतो. यातील काही गोळ्या गर्भनिरोधक म्हणून परिचित असल्याने अविवाहित मुलीला त्या देण्यास पालक कचरतात. ही भीती अनाठायी आहे. विवाह वा मातृत्व हा या व्याधीवरील उपचार नव्हे, हेही स्पष्टपणे समजून घ्यावयास हवे.

सोशिकतेचा गौरव आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या केला. मात्र दर महिन्याला शाळा बुडविणाऱ्या, अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला त्या गौरवाचा उपयोग नाही. तिचे म्हणणे खरे मानून तिला वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेणे हे आईइतकेच वडिलांचेही कर्तव्य आहे. कुटुंब हा समाजाचा आधार असेल, तर या दुखण्याची पहिली दखल कुटुंबानेच घेतली पाहिजे.